पाटीखालचं नाव

सोमवार, ३ नोव्हेंबर

डोकं इतकं तापलंय की आधी हे लिहून काढते, मग स्वयंपाकाला लागते.

वर्धापनदिनाला शाळेच्या सभागृहात थोरल्यांचं नवं तैलचित्र लागणार आहे. थोरले म्हणजे आमच्या शहराचे जुने नगराध्यक्ष आणि शाळेचे संस्थापक. त्यांचं खरं नाव निम्म्या शहराला सांगता येणार नाही, पण थोरले म्हटलं की रिक्षावालासुद्धा मान डोलावतो. चित्राखाली एक पाटी असावी आणि तिचा मजकूर नववीच्या मुलांनी स्वतः शोधून लिहावा, ही सूचना माझी. ती मान्य झाली होती. आज मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. त्यांना आम्ही सगळे बघूसाहेब म्हणतो, कारण छत गळत असलं तरी ते वर पाहून "बघू" एवढंच म्हणतात.

"बाई, पाटीवर चार चांगल्या ओळी येऊ द्या," म्हणाले. "चांगल्या म्हणजे... तुम्हाला कळतंय ना?"

न कळायला काय झालं? थोरल्यांनी नळाचं पाणी आणलं, पटकी थांबवली, रुग्णालय बांधलं, हे पोरं दुसरीपासून घोकतायत. त्याच पाण्यासाठी नदीकाठची रंगाऱ्यांची अख्खी वस्ती पाडून लोकांना उघड्या माळावर हाकललं, ते मात्र पाठ्यपुस्तकात "वस्तीचे स्थलांतर करण्यात आले" या एका ओळीत उरकलंय. करण्यात आले! कोणी केलं, कसं केलं, कुणाचं काय झालं, काही नाही. जणू घरं आपली आपण उठून चालत गेली.

मी म्हटलं, साहेब, माणूस तोलायचा तर दोन्ही पारडी लागतात. ते म्हणाले, "बघू." मी म्हटलं, मी बघतेच.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज नववीत दोन रकाने आखले. ही माझी पद्धत आहे. फळ्यावर मधोमध उभी रेघ, डावीकडे जमा, उजवीकडे वजा. नेता कुठलाही असो, मुलांनी एकेक गोष्ट शोधून आणायची आणि कुठल्या रकान्यात जाते ते वर्गापुढे पटवून द्यायचं. इतकी वर्षं शिकवतेय, या रेघेने मला कधी दगा दिला नाही.

गेल्या आठवड्यात मुलांना माळावर नेलं होतं. तिथल्या म्हाताऱ्यांशी ती बोलली. माळाच्या टोकाला लहान मुलांच्या कबरींचे दगड आहेत, ते पाहून आली. वस्ती ऐन थंडीत पाडली होती. परत येताना बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही. आज जमा भराभर भरला: पाणी, पटकी, रुग्णालय, शाळा. वजामध्ये वस्ती आणि मुलं. सगळं छान चाललं होतं.

मग पणबाईने हात वर केला. या मुलीचं प्रत्येक वाक्य 'पण बाई'ने सुरू होतं, म्हणून वर्गाने तिचं हे नाव पाडलंय. स्वतः माळावरची आहे. वडील शहर बसवर चालक.

"पण बाई, ही रेघ चुकीच्या ठिकाणी आहे."

"मग कुठे हवी?"

"कुठेच नको. वस्तीतलं रंगाचं आणि घाणीचं पाणी नदीत जायचं, म्हणून वस्ती पाडली. वस्ती पाडली म्हणून पाणी चांगलं झालं. हे एकच काम आहे ना? अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे कसं लिहायचं?"

मी म्हटलं, लिहायचं असतं, त्यालाच पृथक्करण म्हणतात. ती खाली बसली. तास संपताना पाटीसाठी लिहिलेल्या ओळी हातात देऊन गेली. त्या इथे उतरवून ठेवते:

"थोरल्यांनी नदीकाठची रंगाऱ्यांची वस्ती एका दिवसात पाडली. त्यामुळे शहराला स्वच्छ पाणी मिळालं आणि पटकी थांबली. त्याच थंडीत उघड्या माळावर वस्तीतली लहान मुलं गेली. आपण अजून तेच पाणी पितो."

वाईट नाही. पण शाळा नाही, रुग्णालय नाही, आणि रकाने तर नाहीतच. दहापैकी सहा दिले. शेवटची ओळ विषयाला सोडून आहे, असा शेरा मारला.

रविवार, ९ नोव्हेंबर

एक काम तरी मार्गी लागलं. सासूबाई कित्येक वर्षं पुढच्या त्या अंधाऱ्या खोलीत राहताहेत. रस्त्याची धूळ, गाड्यांचे भोंगे, न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला. मागची खोली कशी मोकळी, दिवसभर ऊन आणि न्हाणीघर दोन पावलांवर. आज हे त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, तेवढ्यात मी मोलकरणीला हाताशी धरून सगळं हलवलं. पलंग, कपाट, देवांची तसबीर, औषधांचा डबा, सगळं जागच्या जागी. विचारत बसले असते तर वर्ष गेलं असतं. एका दिवसात उरकून टाकलं.

सासूबाई आल्या, दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "बरं." एवढंच. संध्याकाळी जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. भल्याचे दिवसच राहिले नाहीत.

हे म्हणाले, "अगं, आईला त्या खिडकीतून रस्ता दिसायचा."

मी म्हटलं, अहो, रस्त्यात पाहण्यासारखं काय आहे? बिस्किटाचं दुकान आणि बसथांबा!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज नुसता संताप झाला. थोरल्यांचे नातू शाळेचे विश्वस्त आहेत. गुळगुळीत माणूस, आवाज कधी चढत नाही. बघूसाहेबांच्या खोलीत माझ्या मजकुराचा कागद हातात धरून बसले होते. मजकूर मी मुलांच्या ओळींवरूनच नीट करून घेतला होता. आधी जमा, मग वजा: "नदीकाठची वस्ती पाडली, त्यात मुले दगावली."

"बाई," म्हणाले, "आजोबांनी हे केलं नाही असं मी म्हणतच नाही. पण 'पाडली' शब्द फार कडक वाटतो. 'हलवली' म्हणूया का?"

मी म्हटलं, घर हलवत नाहीत हो, पाडतात. खुर्ची हलवतात.

"आणि मुलं दगावली ती थंडीने. आजोबांमुळे नव्हे."

यावर मी जे बोलले ते ऐकून बघूसाहेब पंख्याकडे पाहायला लागले. मग मुलांना त्या थंडीत माळावर कोणी नेऊन बसवलं होतं? शेवटी विश्वस्तांनी हसून सांगितलं की पाटी लावायची की नाही हे विश्वस्त मंडळ ठरवतं. वजाची ओळ असलेली पाटी या शाळेत पहिल्यांदाच लागतेय, याचं त्यांना कौतुकच आहे, फक्त शब्द जपून वापरावेत.

मी विचार केला. पाटीच लागली नाही तर मुलांच्या हाती काय राहिलं? "हलवली" करून दिलं. मुलं दगावली हे मात्र सोडलं नाही. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर सगळंच घालवून बसली असती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

एका बाजूने थोरल्यांचे नातू, दुसऱ्या बाजूने पणबाईचे वडील. बसची पाळी संपवून खाकी कपड्यांतच आले.

"बाई, पोरीने सांगितलं पाटीचं. खरं असेल ते लिहा, नाहीतर तो फोटोच लावू नका. माझ्या आजीची दोन भावंडं आहेत त्या दगडांखाली."

मी म्हटलं, फोटो न लावून काय साधणार? मग लोक तेही विसरतील. आणि पाणी आणलं त्याचं काय?

"पाणी आमच्या माळावर चाळीस वर्षांनी आलं, बाई. तेही मोर्चा काढल्यावर."

हे मला ठाऊक नव्हतं. पण म्हणून काय फोटो लावायचाच नाही? सगळ्यांनाच आपला थोरला हवा असतो, नाहीतर आपला राक्षस. मधला माणूस कुणालाच नको! मी त्यांना तसं सुनावलं. ते शांतपणे "बरं बाई" म्हणून निघून गेले.

आता प्रश्न पणबाईचा. वर्धापनदिनाला चित्रासमोर मजकूर ती वाचणार होती. समोर विश्वस्त, मागे वडील आणि मधे ही चिमुरडी. उद्या कुणी काही बोललं तर? मी तिचं नाव काढून टापटीपचं घातलं. तो पहिल्या बाकावरचा मुलगा आहे, शर्टाची घडी मोडत नाही आणि प्रश्नही विचारत नाही. तिच्या भल्यासाठीच केलं. मोठी झाली की कळेल.

तिने सूचनाफलकावर वाचलं. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दारात आली.

"पण बाई, मला विचारलं का नाही?"

मला तपासायच्या वह्यांचा ढीग होता. नंतर बोलू म्हटलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पुन्हा बोलावणं. आता "दगावली"वर अडलंय. वर्धापनदिनाला पाहुणे येणार, सणासुदीसारखा दिवस, त्यात मेलेली मुलं कशाला? मी म्हटलं, मेलेल्या मुलांना पाहुण्यांची अडचण होत नाही. बघूसाहेब पहिल्यांदा "बघू" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बाई, नाहीतर नुसतं नाव आणि सनावळी. शेवटचं सांगतो."

एवढी लढाई करून नुसती सनावळी? मुळीच नाही. शेवटी मजकूर असा ठरला:

"शहरास स्वच्छ पाणी दिले. पटकीचा नायनाट केला. शाळा व रुग्णालय उभारले. या कामी नदीकाठच्या काही कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. शोध व लेखन: इयत्ता नववी."

वजाची ओळ आहे. वजाची ओळ आहे हे महत्त्वाचं! इतकी वर्षं तीही नव्हती.

पाटी रंगवणाऱ्याकडे जाऊन आले. दुकानभर वार्निशचा वास. तिसऱ्यांदा कागद बदललेला पाहून तो म्हणाला, "तुमचं एकदाचं ठरू द्या बाई, माझा ब्रश वाळतोय. पहिला मजकूर बरा होता, वाचून तरी काहीतरी वाटायचं."

मजकुराचं मत विचारलं नव्हतं त्याला. पाच ओळींत बसतं का एवढं सांग म्हटलं. बसतं म्हणाला.

सासूबाई अजून घुम्यासारख्या बसून असतात. उन्हाकडे पाठ करून.

बुधवार, १९ नोव्हेंबर

असा कृतघ्नपणा मी जन्मात पाहिला नाही.

नववीत पाटीचा अंतिम मजकूर वाचून दाखवला. वाटलं होतं, टाळ्या वाजतील. यांच्यासाठी मी कुणाकुणाशी भांडले, नोकरी पणाला लावली, आणि समोर कसं, तर सगळे एकमेकांकडे बघतायत. मग चक्क टापटीप उभा राहिला. टापटीप! ज्याने आजवर "उपस्थित बाई" यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

"बाई, मी हे वाचणार नाही."

"का?"

"हे आम्ही लिहिलेलं नाही."

मी समजावलं. विश्वस्तांचं सांगितलं, बघूसाहेबांचं सांगितलं, नाहीतर काहीच लागणार नव्हतं तेही सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "'स्थलांतर' तर पुस्तकातच आहे की. मग आम्ही माळावर कशाला गेलो?"

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, टेबलावर डस्टर आपटला. तुम्ही चौदा वर्षांची पोरं, जग कसं चालतं तुम्हाला काय ठाऊक? एक शब्द वाचवायला किती शब्द सोडावे लागतात, कधी केलंय? पाटीखाली तुमचं नाव यावं म्हणून मी झिजले!

पणबाई उभी राहिली. रडत वगैरे नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"पण बाई, मग आमचं नाव नका घालू. मजकूर तुमचा आहे ना, तर खाली तुमचं घाला."

मी हजेरी घेतली नाही, तशीच बाहेर पडले. या वर्गावर मी पुन्हा कधी जीव टाकणार नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सुट्टी टाकली. डोकेदुखी असं कारण दिलं, आणि ते खरंही होतं.

दुपारी कसलातरी खरखर आवाज आला म्हणून उठले. सासूबाई गादी ओढत पुढच्या खोलीकडे निघाल्या होत्या. एकट्या, या वयात, धापा टाकत! मी ओरडले, "अहो, पडाल! काय करताय?"

"माझ्या खोलीत चाललेय."

"मागच्या खोलीत काय कमी होतं? ऊन आहे, हवा आहे, न्हाणीघर जवळ..."

"सगळं आहे गं," म्हणाल्या. "खोली चांगलीच आहे. तू वाईट करशील असं मी कधी म्हटलं? पण एका शब्दाने विचारलंस का?"

मी म्हटलं, तुमच्या भल्यासाठीच केलं. आणि म्हणता म्हणता थांबले. हेच वाक्य मी कुठेतरी नुकतंच लिहिलंय असं वाटलं. मागची पानं चाळली नाहीत.

गादीचं दुसरं टोक धरलं. पलंग संध्याकाळी हे आल्यावर हलवला. सासूबाई खिडकीशी बसल्या, बसथांब्यावरच्या कुठल्याशा बाईला त्यांनी हात केला आणि त्या बाईनेही केला. या दोघींची ओळख कधीची? मला या घरात कुणी काही सांगत नाही.

रात्री जेवताना मी एका कोऱ्या कागदावर पाटीचा मजकूर लिहिला आणि खाली माझं नाव घालून पाहिलं. "काही कुटुंबांना स्थलांतर करावे लागले." त्याखाली मी. ह्यांनी डोकावून विचारलं, "हे तू लिहिलंस? तुझ्यासारखं वाटत नाही." कागद फाडून टाकला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी सरळ पाटीवाल्याकडे. पाटी तयार होती, सोनेरी अक्षरं चकाकत होती. पुसा म्हटलं. त्याने ब्रश खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी पणबाईच्या ओळी दिल्या, सहा गुणांच्या. त्याने वाचल्या आणि टर्पेंटाइनची बाटली उघडली.

मग वर्गात गेले. पणबाईला विचारलं, उद्या तू वाचशील का? तुझ्याच ओळी. तुला नको असेल तर नको. ती म्हणाली, "सगळ्यांना विचारा ना, बाई. ओळी माझ्या आहेत, पण माळावर सगळेच आले होते." विचारलं. सगळे हो म्हणाले. टापटीप सर्वांत आधी.

मग बघूसाहेब. वाचून त्यांनी कागद असा धरला की जणू तो ओला आहे. म्हणाले, ही पाटी लागणार नाही. मी म्हटलं, मग दुसरी कुठलीच लावू नका. नववीचं नाव घालून तुमचा मजकूर लावलात तर मी पाहुण्यांसमोर उभी राहून सांगेन की हा नववीचा नाही, मी लिहिलाय आणि मला त्याची लाज वाटते. ते म्हणाले, पुढच्या वर्षी इतिहासाचे तास दुसऱ्या कुणाला द्यावे लागतील. द्यावे लागतील! पुन्हा तेच. मी म्हटलं, "द्यावे लागतील नको साहेब, मी काढून घेतले असं म्हणा. कर्त्यासकट बोला."

मजा आली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

वर्धापनदिन. चित्र लागलं. त्याखाली पाटीसाठी बसवलेले दोन स्क्रू तसेच भिंतीबाहेर आलेले, आणि मध्ये मोकळी भिंत. नातू बोलले, पाहुणे बोलले, पाणी, पटकी, रुग्णालय. पणबाईला व्यासपीठावर कुणी बोलावलं नाही. इतका संताप आला की टाळ्यांच्या वेळी मी हात पदरात गुंडाळून बसले.

कार्यक्रम संपल्यावर एक पाहुणी चित्रापाशी थांबली. पाटी कुठे आहे, म्हणून तिने विचारलं. नववीची पोरं जवळच घुटमळत होती. पणबाईने तिला पाटीवरच्या ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. मग आणखी कुणी थांबलं, तेव्हा टापटीपने म्हटल्या. सभागृह रिकामं होईपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. मी दुरून पाहत होते. मला कुणी बोलावलं नाही, आणि गरजही नव्हती.

सोमवार, २४ नोव्हेंबर

शिक्षकखोलीतल्या माझ्या कपाटाच्या दारावर आज एक जाड कागद चिकटवलेला होता. पाटीच्याच मापाचा, पाच ओळींचा. वाचून कानशिलं तापली. जसाच्या तसा उतरवते:

"इतिहासाच्या बाईंनी आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं. उत्तरं मात्र बराच काळ स्वतःच लिहिली. आमच्यासाठी भांडल्या, आणि आम्हाला न विचारता हरल्या. मग विचारलं. हे सगळं एकाच रकान्यात लिहावं."

न विचारता हरल्या! हा शब्द मला मान्य नाही. मी तडजोड केली होती. शिवाय "बराच काळ" म्हणजे नेमका किती, याला पुरावा काय? डस्टरचा उल्लेख नाही, तो माझ्या बाजूने सोडलेला दिसतो. आणि शेवटी "मग विचारलं" म्हणजे कोणी, कर्ता कुठाय? लाल पेन हातात घेतलं. टोपण काढलं.

तेव्हा खाली पाहिलं. ज्या पोरांनी पाटीखाली नाव घालायला साफ नकार दिला, त्या पोरांनी इथे सह्या केल्या होत्या. सगळ्यांनी, एकजात. तळाची जागा संपली म्हणून दोन्ही कडांनी वर चढत गेल्यात. पणबाईची अगदी शेवटी असावी. तिला कुठे जागाच उरली नव्हती, म्हणून ती वरच्या कोपऱ्यात उलटी आहे.

पेनाला टोपण लावलं. कागद काढला नाही. सही वाचायला मान वाकडी करावी लागते, ती आज दिवसभर करतेय.